चाळिशी लागल्यावर लेदर बॉल

पॉइंटला उभा होतो. बॅट्समननं कट मारला आणि बॉल मॅटिंगवरून उतरून जमिनीलगत सरळ माझ्याकडं आला. जोर फार नव्हता. मी वाकलो, दोन्ही हात जोडून लावले, आणि शेवटच्या दोन पावलांच्या अंतरात बॉल विरघळल्यासारखा झाला. नुसता लाल डाग उरला. तो बोटांना घासून मागं गेला आणि चौकार झाला. डिसेंबरच्या त्या महिन्यात असं तिसऱ्यांदा झालं होतं.

आमचा कॅप्टन माझाच जुना विद्यार्थी. षटक संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, बॉल दिसूलाला ना नीट?" त्याच्या आवाजात काळजी होती. ती ऐकून रात्री झोप लागली नाही.

मी परभणीत गणित शिकवतो. वय ४४. आठवीपासून चष्मा आहे. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस पावणेपाच, डाव्याचा मायनस सव्वापाच आणि त्यात सव्वाचा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा जास्तीचा नंबर. लेदर बॉलनं खेळायला लागून बावीस वर्षं झाली, ओपनिंगला जातो. आमच्या मैदानाला साइट स्क्रीन, म्हणजे बॉल उठून दिसावा म्हणून बोलरच्या मागं लावतात तो मोठा पडदा, नाही. बोलरच्या हातामागं शाळेची पिवळी भिंत आणि कडुनिंबाची दोन झाडं आहेत, त्या सावलीतून बॉल उचलावा लागतो. इतकी वर्षं साध्या चष्म्यावर ते जमत होतं. चष्मा लावून मोठं क्रिकेट होत नाही असं कुणी म्हणालं की मी वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉईडचं नाव घ्यायचो. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानं १०२ धावा काढल्या त्या चष्मा लावूनच. अनिल कुंबळेही सुरुवातीची वर्षं चष्म्यावर खेळला.

मग बिघडलं काय? दिवाळीत नवा चष्मा केला होता. वह्या तपासताना अक्षरं लांब धरावी लागत होती, म्हणजे चाळिशी लागली होती. दुकानदार म्हणाला, दोन चष्मे कशाला वागवता, प्रोग्रेसिव्ह घ्या, एकाच काचेत वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर, सगळ्याला हाच चालतो. शाळेसाठी तो खरंच चांगला निघाला. फळ्यावरून वहीवर नजर आणली की चष्मा काढावा लागत नाही. मैदानावर मात्र त्यानं घात केला, आणि तो चष्मा आणि ते सुटलेले बॉल यांचा संबंध मला दीड महिना लागला नाही. मला वाटायचं, वय झालं, हात मंदावले.

संबंध लावून दिला तो पुण्याच्या मेव्हण्यानं. तो येरवड्याच्या गोल्फ मैदानावर रविवारी जातो. संक्रांतीला आला होता तेव्हा मी सहज बोललो. तो लगेच म्हणाला, "दाजी, हे दुखणं आमच्याकडं पन्नाशीच्या निम्म्या लोकांना आहे." गोल्फमध्ये बॉल पायाशी असतो. डोळ्यापासून दीड मीटरच्या आसपास, आणि मान तशीच ठेवून नुसती नजर खाली टाकायची. प्रोग्रेसिव्हमध्ये नजर खाली गेली की ती काचेच्या वाचायच्या भागातून जाते, आणि तो भाग असतो हातभर अंतरासाठी. दीड मीटरवरचा बॉल त्यातून पुसट आणि फुगलेला दिसतो. नीट बघायला हनुवटी छातीला टेकवावी लागते, आणि हनुवटी टेकवली की खांदा फिरत नाही, स्विंग मोडतो. त्यानं गोल्फसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला होता. त्याचे काही जोडीदार कॉन्टॅक्ट लेन्स लावतात.

तो बोलत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर पॉइंटवरून गेलेले तिन्ही बॉल होते. जमिनीलगत येणारा बॉल अडवताना मीही तेच करत होतो. बॉल लांब असताना काचेच्या वरच्या भागात स्पष्ट, पायाजवळ आला की खालच्या भागात धूसर. हात मंदावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मैदानावर गेलो. सवयच ती, मोजल्याशिवाय पटत नाही. खेळताना मला काय काय, किती अंतरावर बघावं लागतं हे वहीत लिहिलं. बोलरचा हात क्रीजपासून साडेसतरा-अठरा मीटरवर. आमच्याकडचा वेगवान बोलर ताशी ११० किलोमीटरनं टाकतो असं धरलं तर बॉल हातातून सुटून माझ्यापर्यंत यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ. स्टान्समध्ये, म्हणजे बॅट टेकवून बॉलची वाट बघत उभा असताना, डोळ्यापासून बॅटचा तळ दीड मीटर. वाकून बॉल उचलताना बॉल डोळ्यापासून मीटर-सव्वा मीटर. स्कोअरबुक चाळीस सेंटिमीटर. या यादीत हाताच्या अंतरावरची गोष्ट एकच निघाली, स्कोअरबुक. एका वहीसाठी मी काचेचा खालचा सगळा भाग देऊन बसलो होतो.

त्याहून कामाची गोष्ट एका फोटोनं दाखवली. आमच्या यष्टिरक्षकाला बोलरच्या टोकाला उभं केलं, मी हेल्मेट घालून स्टान्स घेतला, आणि त्यानं फोन झूम करून चेहऱ्याचा फोटो काढला. उजव्या हाताचा बॅट्समन आडवा उभा राहतो, चेहरा डावीकडं वळवतो. आपल्याला वाटतं तो पूर्ण वळतो. फोटोत माझी मान थोडी अपुरी वळलेली होती आणि उरलेलं काम बुबुळांनी केलेलं होतं. डावा डोळा काचेच्या बाहेरच्या कडेकडं गेलेला, उजवा नाकाच्या बाजूला, फ्रेमच्या काठाला जवळजवळ चिकटलेला. म्हणजे ज्या क्षणी मला सगळ्यात स्वच्छ दिसायला हवं त्या क्षणी मी काचेच्या मधून बघतच नव्हतो.

मायनस नंबरची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते. मधून बघितलं तर ती फक्त नंबरचं काम करते. कडेतून बघितलं तर ती लोलकासारखी वागते आणि वस्तू जागेवरून सरकवते. त्याचं गणित सोपं आहे: मध्यापासून किती सेंटिमीटर बाजूला बघता, गुणिले नंबर. मी उजव्या काचेतून साधारण एक सेंटिमीटर बाजूनं बघत होतो, नंबर पावणेपाच, म्हणजे मीटरभर अंतरावर वस्तू पावणेपाच सेंटिमीटर सरकलेली. मेंदू याची सवय करून घेतो, माझ्या मेंदूनं तीस वर्षांत केलीच होती. पण बॉल येताना डोकं हललं की हे सरकणंही बदलतं. प्रोग्रेसिव्हमध्ये तर कडेचा भाग याशिवाय आणखी वाकडा असतो, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रेषा पोहल्यासारख्या दिसतात. मुळात त्या काचा कडेनं बघायला बनवलेल्याच नसतात. यात दोष काचेचा नाही, माझ्या विचारण्याचा होता. दुकानात मी "चष्मा द्या" म्हणालो, "आडवा उभा राहून अठरा मीटरवर बघायचंय" असं म्हणालो नव्हतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो तो हा फोटो आणि ती वही घेऊन. डॉक्टर वयानं मोठे आहेत, तरुणपणी स्वतः खेळलेले. फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. आधी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकून डोळ्याच्या आतला पडदा तपासला. मायनस नंबर जास्त असला की डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला असतो, कडेला कुठं पातळ झालाय का ते बघावंच लागतं, त्यात तुम्ही बॉल अंगावर घेणारे, असं म्हणाले. पडदा ठीक निघाला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्या टीममधल्या जास्त नंबरवाल्या तिघांनी ही तपासणी कधीच केलेली नव्हती. ते दुकानात मशीनवर नंबर काढतात आणि चष्मा घेऊन येतात. आता तिघंही जाऊन आले.

लेसरनं नंबर घालवायचं मी विचारलं. गोल्फपटू टायगर वूड्सनं १९९९ मध्ये करून घेतलं होतं हे मेव्हण्यानं सांगितलेलं डोक्यात होतं. डॉक्टर म्हणाले, बुबुळाची जाडी मोजून करता येईल, पण तुमच्या वयाला लांबचा नंबर गेला तरी वाचायचा चष्मा लागणारच. मला डोळ्यावर शस्त्रक्रिया नकोच होती, तो विषय तिथंच संपला.

लेन्सबद्दल मात्र त्यांनी सविस्तर सांगितलं. लेन्स डोळ्याबरोबर फिरते. तुम्ही कुठंही बघा, नेहमी तिच्या मधूनच बघता. कडेची जाडी नाही, फ्रेमचा काठ नाही, हेल्मेटच्या जाळीत वाफ धरायला काच नाही. माझ्या फोटोचं उत्तर हेच होतं. पण चष्म्याचा नंबर लेन्सला तसाच देत नाहीत. काच डोळ्यापासून बारा-तेरा मिलिमीटर लांब असते, लेन्स डोळ्यावरच बसते, म्हणून मायनस चारच्या पुढं हिशेब बदलतो. माझा पावणेपाच लेन्समध्ये साडेचार झाला, सव्वापाचचा पाच झाला. डाव्या डोळ्याला सिलिंडर असल्यामुळं टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेली, लेन्स लागणार होती. ती डोळ्यावर ठरावीक कोनातच बसावी लागते, फिरली की दिसणं बिघडतं. तिच्या खालच्या बाजूला बारीक खूण असते, डॉक्टर मशीनमधून ती सहाच्या काट्यावर आहे का बघतात.

चाळिशीचं काय, यावर तीन वाटा होत्या. एक, मल्टिफोकल लेन्स. तिची ट्रायल जोडी लावून मी संध्याकाळी नेटवर गेलो. दिवसा बरी वाटली. साडेपाचनंतर ऊन उतरलं, भिंतीवर सावली आली, आणि लाल बॉलभोवती कडा पसरल्यासारखी दिसायला लागली. त्या लेन्समधून लांबचं आणि जवळचं चित्र एकाच वेळी डोळ्यात येतं, मेंदूनं हवं ते उचलायचं. कमी उजेडात माझ्या मेंदूला ते उचलता येईना. दुसरी वाट म्हणजे एका डोळ्याला लांबचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर. डॉक्टरांनी ती स्वतःच बाजूला ठेवली. अंतराचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी मिळून येतो, अंगावर येणाऱ्या बॉलसमोर त्यातला एक कमी करायचा नाही, असं ठामपणे म्हणाले.

त्या वेळी त्यांनी भारताचे जुने कॅप्टन मन्सूर अली खान पतौडींची गोष्ट सांगितली. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांचा उजवा डोळा निकामी झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते कसोटी खेळले. त्या दरम्यान दुखावलेल्या डोळ्याला लेन्स लावून ते एका सामन्यात उतरले तर त्यांना दोन बॉल दिसायला लागले, एकमेकांपासून वीतभर लांब, आणि ते आतल्या बाजूचा बॉल खेळत राहिले. शेवटी लेन्स काढून एका डोळ्यावर खेळले. मी ही गोष्ट आधी ऐकलेली होती, पण डोळ्यांच्या दवाखान्यात, समोर ट्रायल लेन्सची पेटी उघडी असताना ती ऐकणं वेगळं होतं. त्या माणसानं केवढं मोठं काम केलं ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं.

तिसरी वाट साधी. दोन्ही डोळ्यांना लांबच्या लेन्स आणि स्कोअरबुकासाठी किटच्या खिशात वाचायचा साधा चष्मा. तीच घेतली.

घरी आईचा विरोध होता. "डोळ्याच्या मागं सरकून गेली तर काढावं कसं?" हा तिचा प्रश्न. मी डॉक्टरांना तोच विचारला होता, तेच उत्तर तिला दिलं: पापणीच्या आतली कातडी वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेली असते, मागं जायला वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली सरकते. तिला पूर्ण पटलं नाही, पण मी लेन्स काढून दाखवली तेव्हा ती शांत झाली. पहिल्या दिवशी लावायला मला चाळीस मिनिटं लागली. पापणी मिटायची थांबेना. पाचव्या दिवशी दोन मिनिटांवर आलो.

नेटवरचा पहिला दिवस मी विसरणार नाही. बॉल मोठा दिसत होता. भास नव्हता तो. मायनस काच सगळं थोडं लहान करून दाखवते, माझ्या नंबरला पाच-सहा टक्के, आणि लेन्समध्ये ते लहान होणं जवळजवळ संपतं. बोलरच्या बोटांत शिवण उभी आहे की आडवी हे मला तिसऱ्या-चौथ्या बॉलला दिसलं. बावीस वर्षांत मी शिवण टप्प्यानंतर ओळखायचो, हातात ओळखत नव्हतो. तरीही त्या दिवशी मी वाईट खेळलो. बॉल मोठा म्हणजे जवळ, असा मेंदूचा जुना हिशेब, त्यामुळं बॅट आधीच खाली येत होती. दोनदा बॉल हवेत उडाला, एकदा पॅडवर बसला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सामन्याआधी निदान आठ-दहा नेट करा. ते अक्षरशः पाळलं. सहाव्या-सातव्या नेटनंतर बॅट आपोआप जागेवर आली.

एक गोष्ट चाळिशीच्या माणसानं लेन्स घेण्याआधी समजून घ्यावी. मायनस नंबरवाल्याला चष्म्यातून जवळचं वाचायला डोळ्याला थोडे कमी कष्ट पडतात. लेन्स लावली की ती सवलत जाते. मला चष्म्यातून निदान मोठी अक्षरं वाचता यायची, लेन्स लावल्यावर फोनवरचा नंबरही दिसेना. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला, त्यांनी कारण सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता माझ्या हातून झालेली चूक. पहिल्यांदा मी महिनाभर वापरायच्या लेन्स घेतल्या होत्या, रोज काढून सोल्युशनच्या डबीत ठेवायच्या. फेब्रुवारीत, उरुसाच्या दिवसांत, एका सामन्यात फिल्डिंग करताना डाव्या डोळ्यात धूळ गेली. आमची काळी माती वाळली की पिठासारखी होते, मॅटिंगच्या बाजूनं पळणाऱ्यांच्या पायानं उडतच असते. लेन्स काढली, सोल्युशन घरी होतं, म्हणून पाण्याच्या जारमधून हातावर पाणी घेतलं, त्यातच लेन्स धुतली आणि परत लावली. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, उजेड सहन होईना, पाणी थांबेना.

डॉक्टर माझ्यावर इतके रागावलेले मी कधी पाहिले नव्हते. पाण्यात, मग ते नळाचं असो, टाकीचं असो, जारचं असो, अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकून बुबुळात शिरला तर जखम महिनोन् महिने बरी होत नाही, नजर जाऊ शकते. आपल्याकडं पाणी साठवून वापरायची सवय. आमच्या घरी नळाचं पाणी टाकीत भरून आठवडाभर पुरवतो. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आठवणारी आम्ही माणसं, आमच्यासाठी पाणी म्हणजे स्वच्छच, देवासारखं. डोळ्यातल्या लेन्सला मात्र तेच पाणी चालत नाही, थेंबभरही नाही. माझी जखम वरवरची निघाली, दहा दिवस थेंब आणि तीन आठवडे लेन्स बंद, एवढ्यावर सुटलो. पण आठ दिवस मी डाव्या डोळ्यानं फळा नीट बघू शकत नव्हतो आणि त्या आठ दिवसांत जी भीती वाटली ती अजून आहे.

त्यानंतर त्यांनी मला रोज नवीन लावून रोज फेकायच्या लेन्सवर आणलं. मी आठवड्यातून दोन-तीनदाच खेळतो, त्यामुळं हिशेबही बसला. उजव्या डोळ्याच्या तीस लेन्सची पेटी मला १९०० रुपयांना पडली, डाव्या टोरिकची २९०० ला, आणि त्या जवळपास तीन महिने पुरतात. धूळ गेली की काढायची, फेकायची, हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करून नवी लावायची. किटमध्ये जास्तीच्या दोन जोड्या, साबण, धुतलेला कोरडा रुमाल आणि लेन्सवर चालणारे थेंब, एवढं कायम असतं.

त्या तीन आठवड्यांत लेन्स बंद होती म्हणून दुसरं काम उरकलं, खेळायचा चष्मा. लेन्स आहे तर चष्मा कशाला असं आधी वाटत होतं. पण लेन्स कधी लावता येणार नाही हे सांगता येत नाही, आणि मार्चनंतर आपल्याकडचा वारा असा कोरडा असतो की पापणी मिटायला विसरलं तर लेन्स डोळ्याला चिकटल्यासारखी होते.

यासाठी छत्रपती संभाजीनगरला गेलो. तिथल्या दुकानात मी हेल्मेट आणि बॅट घेऊन शिरलो. बाकी गिऱ्हाईकं बघत राहिली. पण नंबर काढणारा मुलगा समजदार होता, त्यानं मला हेल्मेट घालून स्टान्स घ्यायला लावला आणि काचेवर पेननं माझ्या बुबुळांच्या जागा मार्क केल्या, एकदा सरळ उभा असताना, एकदा आडवा असताना. बहुतेक फ्रेम हेल्मेट घातल्यावरच बाद झाल्या. काडी कानावर जाड असली की हेल्मेटचा स्पंज ती दाबतो, चष्मा नाकावरून वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात कानामागं दुखायला लागतं. हे हेल्मेट बरोबर नसतं तर दुकानात कळलंच नसतं.

चेहऱ्याला गुंडाळणारी खूप वळणदार फ्रेम मला आवडली होती. त्यानं समजावलं की मायनस पाचच्या आसपास इतक्या वळणावर काच बसवली तर नंबरचा हिशेब वेगळा करावा लागतो, नाही तर कडेला धूसर होतं. म्हणून हलकं वळण असलेली प्लॅस्टिकची फ्रेम घेतली, धातू कुठंही नाही, नाकाला रबर, मागं पट्टा. काच पॉलिकार्बोनेटची. साध्या प्लॅस्टिक काचेतून कडेला रंग कमी फाटतो हे खरं, पॉलिकार्बोनेटमध्ये थोडी निळसर-पिवळसर झालर दिसते, पण बॉल लागला तर ती फुटून डोळ्यात जात नाही. इथं मी दिसण्यापेक्षा डोळा निवडला. फक्त लांबचा नंबर, वाचायचा भाग नाही. सगळे मिळून ४८०० रुपये.

उन्हात काळी होणारी काच मी घेतली नाही. आधीच्या चष्म्याला होती, तिचा अनुभव आहे. गरमीत ती पुरेशी काळी होत नाही, ४२ डिग्रीला, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, ती थंडीतल्या सकाळपेक्षा फिकी असते. आणि झाडाच्या सावलीत फिल्डिंगला गेलं की लगेच स्वच्छही होत नाही. हेल्मेटच्या छज्जाची सावली बॅटिंगला पुरते. फिल्डिंगला टोपी.

लेन्सला डोळा वाचवायचं बळ नाही, हेही सांगून ठेवतो. सिली पॉइंटला, बॅट्समनच्या अगदी जवळ, उभं राहायचं असेल तर जाळीचं हेल्मेट, मग आत चष्मा असो की लेन्स. आमच्या पोरांना वाटतं लेन्स लावली म्हणजे डोळ्याला काच लागायची भीती संपली. काचेची संपली, बॉलची कुठं संपली?

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सेलूच्या टीमशी सामना होता. सकाळी हवा पडलेली, लेन्स लावून उतरलो. पहिल्या पाच षटकांत शिवण हातात दिसत होती, आत येणारा बॉल मी दोनदा सोडून दिला, असा सोडून द्यायचा आत्मविश्वास मला कित्येक वर्षांत आला नव्हता. ३१ वर असताना पश्चिमेकडून वावटळ उठली. मॅटिंगचा कोपरा उचलला गेला, सगळ्यांनी तोंडं फिरवली. डोळ्यात काहीतरी गेलं. चोळायची इच्छा दाबली आणि अंपायरकडं हात केला.

कॅप्टन बाहेरून पळत आला, रुमाल आणि चष्म्याची डबी घेऊन. हात धुतले, पुसले, दोन्ही लेन्स काढून टाकल्या, थेंब घातले. वारा थांबायचं लक्षण नव्हतं म्हणून नवी लेन्स लावली नाही. चष्मा लावला, पट्टा मागं ओढून घेतला, त्यावर हेल्मेट.

"सर, दिसूलालं का?" त्यानं विचारलं.

बॉल कडेनं थोडा सरकून दिसणार हे आता मला माहीत होतं, म्हणून स्टान्स थोडा उघडा केला आणि मान पूर्ण बोलरकडं वळवली. मग अंपायरकडं बघून लेग स्टंपचा गार्ड मागितला.